लंडनवाल्या इवायाचा मान

कोणत्याही मापाचा इवाई माझ्यासमोर आणून बसवा. चहाचा कप रिकामा व्हायच्या आत तो माझ्या खिशात नसेल, तर उदाराम हे नाव बदलून टाकीन! तुम्ही पुण्याकडे ज्याला व्याही म्हणता, तोच आमचा इवाई. फरक इतकाच, की पुण्याचा व्याही रुसला तर घरी जाऊन टोमणा मारतो, आणि आमचा रुसला तर मांडवातूनच परतीची गाडी जुंपतो. अशा जुंपलेल्या गाड्या मी किती सोडवल्या असतील, त्याचा हिशेब नाही. एकदा तर नागझिऱ्याच्या जंगलात वरात अडली होती. रस्त्यात बसलेल्या वाघाला मी समजावून बाजूला केलं आणि इवायाला म्हटलं, ‘‘पाहा, हा ऐकतो आन् तुम्ही ऐकत नाही!’’ आमच्या दवनीवाड्यात कोणालाही विचारा ही गोष्ट. हसतील. पण विचारा!

तर दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात माझा पुतण्या टेकचंद याच्या मंजूचं लग्न निघालं. मंजू म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी पोरगी. एक स्थळ जेवताना आवाज करतं म्हणून तिनं घालवलं, दुसरं हसताना आवाज करत नाही म्हणून घालवलं. टेकचंद वाळल्या भेंडीसारखा झाला होता. मग उमेंद्र आला. मंजूनं त्याला आपल्या स्कूटीवर मागं बसवलं आणि धानाच्या बांध्यांवरून अशी गाडी हाणली, की परत आला तेव्हा पोरगा डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं भरला होता आणि तरी हसत होता. मंजू आत जाऊन आईला म्हणाली, ‘‘हाच!’’ त्या एका शब्दासाठी टेकचंदनं किती देवांना नारळ फोडले होते ते त्यालाच माहीत.

पोरगा सोन्यासारखा. पण त्याचा बाप!

बापाचं नाव मनोहरलाल. आमच्याच पोवार समाजातला, मूळचा जवळच्याच गावचा. तरुणपणी लंडनला गेला, तिथल्या बसच्या डेपोत जन्मभर नट आवळले आणि म्हातारपणी परत येऊन गोंदियात बंगला बांधला. बांधेना का! त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण लग्नाच्या आठवडाभर आधी हा गृहस्थ माझ्या ओसरीवर येऊन बसला आणि गोष्टी सांगू लागला! माझ्या ओसरीवर! जिथं आजवर माझ्याशिवाय कोणी ‘एकदा काय झालं’ असं म्हणायची हिंमत केली नव्हती! अर्धं गाव ऐकायला जमलं, आणि तेही माझ्याच सतरंजीवर, माझ्याकडेच पाठ करून!

बरं, एकटा आला असता तर चाललं असतं. सोबत बॅरी नावाचा एक गोरा आणला होता, लग्नासाठी खास विलायतेहून. मनोहरलालच्या वयाचा, टकला, ढेरपोट्या. आमच्या मे महिन्यात तो असा लाल झाला होता, की त्याच्याकडे पाहून डोळ्यांना ऊन लागावं. दोघांची दोस्ती कशी झाली? म्हणे एका गाण्याच्या कार्यक्रमात याचं कोपर त्याच्या दातावर बसलं, दात पडला आणि मैत्री झाली. घ्या!

‘‘सत्त्याहत्तर सालचं लंडन, उदारामजी!’’ मनोहरलाल डोळे मिटून म्हणाला. ‘‘पंक! पंक रॉक! आहाहा! वो एनर्जी! तुम्हाले काय सांगू!’’

बॅरीनंही डोळे मिटले. ‘‘एनर्जी!’’ तो म्हणाला. दोघं म्हातारे असे झुलत होते, जसं काही एकाच बाटलीतून पोलिओचा डोस घेतला.

‘‘पण होत काय होतं तिथं?’’ मी विचारलं.

‘‘तळघर राहे. छप्पर इतकं खाली का हात लागे. पब्लिकचा घाम छताले चिकटे आन् तिथून वापस आपल्याच डोक्यावर टपके!’’

‘‘आमच्याकडं त्याले राईस मिल म्हणतेत,’’ मी म्हटलं.

‘‘गाणाऱ्याले गाता येत नोहोतं!’’

‘‘अरे बाप्पा!’’

‘‘वाजवणाऱ्याले वाजवता येत नोहोतं! गिटारच्या दोन पट्ट्या शिकून आला राहे, त्यातली एक रस्त्यातच भुलून जाये!’’

‘‘मग तुम्ही उठून काऊन नोहोते जात?’’

‘‘उठून कायले जाऊ? तोच तं मजा होता! गाणारा आम्हाले शिव्या दे, आम्ही त्याले शिव्या देऊ!’’

मग कपड्यांची कहाणी. धडधाकट कपडे आधी फाडायचे आणि मग सेफ्टी पिना लावून जोडायचे, ही त्यांची क्रांती! बॅरीनं मला कानाच्या पाळीचं भोकही दाखवलं. तिथं म्हणे तो पीन टोचून फिरायचा. आमच्या घरची प्रत्येक बाई बांगडीत पिनांचा गुच्छा अडकवून जन्म काढते. तिला आजवर कोणी रॉक म्हटलं नाही! आणि नाच? गर्दीत हात हलवायला जागा नाही, म्हणून जागच्या जागी सरळ उड्या मारायच्या, धान कुटायच्या मुसळासारख्या. त्यातून तांदूळ निघाला असता तर मी मानलं असतं!

‘‘आन् सगळ्यात मोठी गोष्ट,’’ मनोहरलाल आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘गाणं खूप आवडलं ना, का पब्लिक गाणाऱ्यावर थुंके!’’

ओसरीवरचे दोघे-तिघे पुढं सरकले.

‘‘थुंके?’’

‘‘तोच मान! टाळ्या कोण वाजवते? ज्याच्यावर जास्त थुंकी, तो मोठा कलाकार!’’

‘‘या हिशोबानं तं,’’ मी म्हटलं, ‘‘प्रत्येक सरकारी जिन्याचा कोपरा म्हणजे भारतरत्नच झाला!’’

सतरंजी हसली. खूप हसली. पाठी फिरून तोंडं पुन्हा माझ्याकडे झाली. मला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याच्या भरात मी मनोहरलालच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, ‘‘आम्हाले काय सांगता जी! लंडनचा कोपरा न् कोपरा आम्ही पाह्यलेला आहे!’’

गेलो होतो की नव्हतो, हा प्रश्न बारीक लोकांचा आहे. आपण पुढं जाऊ.

पाहुणे गेल्यावर टेकचंद माझ्याकडे आला. घामाघूम. ‘‘काकाजी, लंडनचे लोक येऊन राहिले. कसं वागाव लागंन जी? काही चुकलं तं? मंजूनं कसाबसा एक पोरगा पसंत केला आहे!’’

‘‘काही फिकर करू नको. लंडनवाला इवाई माझ्यावर सोड,’’ मी म्हटलं. ‘‘एकच ध्यानात ठेव. तिकडच्या घरंदाज माणसाले हळू आवाज लागते. सनई हळू, डीजे हळू, बोलणं हळू. आन् गारी तं बिलकूल नाही!’’

आता गारी काय ते सांगायला पाहिजे. वरात मांडवात आली, की नवरीकडच्या बाया इवायाला गाण्यातून शिव्या घालतात. टकलापासून सुरुवात करून त्याच्या खापरपणजाच्या चालीपर्यंत काही सोडत नाहीत. इवाई मान खाली घालून मिशीतल्या मिशीत हसतो. हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. आणि या विद्येत पंचक्रोशीत पहिला नंबर कोणाचा? तर टेकचंदच्या बायकोचा, मंजूच्या आईचा, निर्मलाबाईचा! तिच्या गारीनं एका तालेवार इवायाची मूळव्याध बरी झाली होती, आणि दुसऱ्याला नव्यानं झाली होती.

निर्मलाबाई माझी सून लागते. आमच्यात सून सासऱ्यासमोर, म्हणजे तिच्या मामाजीसमोर, येत नाही, त्याच्याशी थेट बोलत नाही. बोलायचंच झालं तर पदर नाकापर्यंत ओढून दाराला सांगते, खांबाला सांगते, नाहीतर मंजूला सांगते. आणि आपण ते ऐकून घ्यायचं. गारीबंदीचा हुकूम ऐकून आतून पातेलं आपटल्याचा आवाज आला. मग दार बोललं, ‘‘मंजू, मामाजीले सांग, माह्या पोरीचं लगन आहे. गारीबिना लगन म्हणजे मयत!’’

‘‘तिले सांग मंजू,’’ मी म्हटलं, ‘‘लंडन मी पाह्यलं आहे, तिनं नाही!’’

आत दुसरं पातेलं आपटलं. ते मोठं होतं.

लग्नाचा दिवस उगवला. जांभळाच्या हिरव्या डहाळ्यांचा मांडव, त्याखाली कूलर, कूलरपुढं कार्पेट. गोरजाचा मुहूर्त. सकाळपासून सगळं असं शांत चाललं होतं, की कुत्रीसुद्धा संकोचून भुंकत नव्हती. डीजेवाल्याला मी बासरीची सीडी दिली होती. बाया भिंतीशी ओळीनं गप्प बसल्या होत्या. त्यांत म्हातारी शामकला होती. गारीमध्ये निर्मलाबाईचा उजवा हात! तोंडात तंबाखूचा खर्रा, डोळ्यांत अंगार, आणि ओठ शिवलेले. कोणी पाहुणा आला की सगळ्याजणी एका सुरात म्हणायच्या, ‘‘या जी. बसा जी.’’ जसं काही हॉस्पिटलात नर्सेसचं शिक्षण चालू आहे.

ऊन उतरायला लागलं, मुहूर्त जवळ आला, तरी वरात येईना! वऱ्हाडाला जिल्हा परिषदेच्या शाळेत जानवसा दिला होता, मांडवापासून हाकेच्या अंतरावर. मी गेलो. पाहतो तर बँडवाले झाडाखाली पत्ते कुटत आहेत, नवरदेव डोक्याला झालरीचा मौर बांधून घोड्यावर बसून बसून घोड्यासारखाच दिसायला लागला आहे, आणि मनोहरलाल पहिलीच्या वर्गात, पोरांच्या बाकड्यावर, हाताची घडी घालून बसला आहे!

‘‘काऊन जी इवाई? तब्येत बरी नाही?’’

‘‘उदारामजी, ये शादी है के तेरवी?’’

‘‘काय कमी पडलं, सांगा ना जी!’’

‘‘सकारपासून मले कोणी एक शिवी देल्ली नाही!’’ तो एकदम ओरडला. ‘‘पाय धुतले. सरबत देल्लं. ‘या जी, बसा जी!’ अरे, मी काय शाळा तपासाले आलो? माह्या बापाले माह्या सासरच्या बायांनी असं धुतलं होतं, का तो मरेपर्यंत सांगत होता. आन् मले? मी काय रस्त्यावरचा आहो? गारी इवायाले देतेत. मले देल्ली नाही, म्हणजे तुम्ही मले इवाईच समजत नाही!’’

मी गार! मे महिन्यात, पत्र्याच्या शाळेत, गार!

‘‘या बॅरीले मी जन्मभर सांगून राहिलो,’’ मनोहरलालनं बॅरीच्या खांद्यावर हात ठेवला, ‘‘का बाबू, तुमच्या पंकवाल्यांच्या शिव्या म्हणजे दुधाचे दात आहेत. असली शिवी ऐकाची तं माह्या गावच्या बायांची ऐक! मी पंकमध्ये गेलो तोच याच्यासाठी! पहिल्या दिवशी तळघरात उतरलो, वरून शिव्या पडल्या, आन् मले गावची आठवण आली! तो बिचारा समुंदर पार करून गारी ऐकाले आला, आन् इथं काय वाजून राहिलं? बासरी!’’

बॅरीनं दुःखानं मान हलवली. ‘‘नो एनर्जी,’’ तो म्हणाला.

मी त्याची समजूत काढायला खिशातला खर्रा काढला. सुपारी, तंबाखू, चुना, आमच्या भागाचा हा प्रसाद. बॅरीनं चिमूटभर घ्यायचा तर अर्धी पुडी तोंडात भरली. मनोहरलालनं उरलेली अर्धी. पण मनोहरलाल उठेना.

‘‘गारी नाही, तं वरात नाही!’’ त्यानं बाकड्यावर मूठ आपटली. ‘‘मुहूर्त गेला तं गेला!’’

आजवर गारी ऐकून रुसलेले इवाई मी पाहिले होते. गारी मिळाली नाही म्हणून पोराचं लग्न मोडायला निघालेला हा पहिलाच!

धोतराचा सोगा हातात धरून मी घराकडे पळालो. टेकचंद सांगितल्याबरोबर खाली बसला. मंजू हळद लावलेल्या हातांनी दारात उभी. तिनं ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, ‘‘आबाजी, गारीबंदीची अक्कल कोनाची होती?’’

अशा वेळी माणसानं कामाला लागावं. मी स्वैपाकघराच्या दाराशी जाऊन खाकरलो. ‘‘टेकचंद, तुह्या बायकोले सांग, का गारी सुरू कराची आहे. लवकर.’’

दार म्हणालं, ‘‘मंजूच्या बाबाजी, मामाजीले सांगा, गारी काही नळाचं पानी नाही. तोटी फिरवली का सुरू, तोटी फिरवली का बंद!’’

‘‘अवो, वरात अडली आहे!’’ टेकचंद बायकोपुढं हात जोडून उभा राहिला. ‘‘पोरीचं लगन मोडून राहिलं!’’

‘‘मामाजी तं म्हणत होते, लंडन त्यायनं पाह्यलं आहे!’’

मी बासरी बंद करवली. मी टोपी काढली. दाराला, लाकडी दाराला, उदारामनं हात जोडले! तेव्हा आतून आवाज आला, ‘‘मामाजीले म्हणा, मंग मधात कोनी थांबवाचं नाही.’’

‘‘कोणी नाही!’’

दार उघडलं. पदर नाकापर्यंत, नवी बनारसी, आणि मागं शामकला पदर खोचत. तालमीतून पहिलवान निघावा तशी निर्मलाबाई निघाली.

वरात मांडवाच्या तोंडाशी आली आणि गारीला सुरुवात झाली. आमची गारी पोवारीत असते. मराठीत आणताना तिचं अर्धं विष रस्त्यातच सांडतं. तरी ऐका:

‘‘इवाई आला लंडनचा, डोक्यावर नाही केस,
दिवे कायले लावता वं, उजेड पडला हमेस!’’

‘‘पोट त्याचं सुटलं कसं, जशी धानाची कोठी,
उंदरं नांदते आतमधी, मिशी तेवढी खोटी!’’

हे छापण्याजोगं होतं म्हणून सांगितलं. पुढची कडवी मी लिहिली तर कागद पेटेल! दिवसभर, नव्हे आठवडाभर, कोंडलेली गारी होती ती! धरणाचं दार उघडल्यासारखी निर्मलाबाई सुटली होती. तिनं मनोहरलालचं टक्कल सोडलं नाही, बंगला सोडला नाही, डेपोतले नट सोडले नाहीत. शामकला मागून प्रत्येक ओळ दुप्पट घाण करून परत करायची. ओळीनं बसलेल्या बाया उठल्या, टाळ्या पडू लागल्या, बँडवाल्यांना कोणी सांगितलं नव्हतं तरी ढोल सुरू झाला.

आणि मनोहरलाल? त्याच्या डोळ्यांतून धारा! ‘‘येच! येच तो एनर्जी!’’ असं तो भरल्या तोंडानं ओरडला आणि जागच्या जागी उड्या मारू लागला. सरळ वर, सरळ खाली! शेजारी बॅरी! दोन टकले, दोन पोटं, आलटून पालटून वर! मांडवाच्या डहाळ्या हलायला लागल्या. एकाच्या गुडघ्याचा आवाज यायचा, दुसऱ्याच्या पाठीचा. सत्त्याहत्तर साली काय दिसत असतील ते असोत. आता तर एकाच पिंजऱ्यात कोंडलेल्या दोन गॅसच्या टाक्या दिसत होत्या!

मग निर्मलाबाईनं पदराआडून गोऱ्याकडे बोट केलं:

‘‘संगं आनला गोरा पाव्हना, उकडलेला बटाटा,
सोलून घ्या वं, मीठ लावा, वऱ्हाडाले वाटा!’’

शब्द त्याला एकही कळला नाही. पण आपल्यालाही मिळाली, एवढं कळलं! त्याचा चेहरा उजळला. तो सगळ्यांत उंच उडाला. आणि तिथंच, हवेतच, त्याला जुना रिवाज आठवला. कलाकार एवढी मोठी, गाणं एवढं जहाल, आणि तोंडात अर्धी पुडी खर्रा!

थूऽऽ!

नेम बाकी चुकला नाही. नव्या बनारसीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, तांबडी रांगोळी!

ढोल थांबला. घोडासुद्धा थांबला.

‘‘नवरीच्या मायवर थुकला!’’ शामकलेनं किंकाळी फोडली. मग काय विचारता! कोणी पाट उचलला, कोणी झारा. दोन्हीकडचे लोक बाह्या सारून पुढं झाले. टेकचंद भोवळ येऊन आडवा झाला. बॅरीला वाटलं आपला सत्कार होतो आहे; तो हात पसरून हसत उभा राहिला. मी मनोहरलालला हलवलं, ‘‘अहो सांगा ना, तिकडं हा मान असते म्हणून!’’ पण तो काय सांगणार! तोही तसाच मान द्यायला गाल फुगवून तयार होता. पाट-झारे उठले तसं घाबरून त्यानं अर्धी पुडी तंबाखू गिळली होती! आता त्याला उचक्या लागल्या होत्या आणि डोळे मांडवाच्या दोन कोपऱ्यांत फिरत होते. नवरदेव मौराच्या झालरीआड. त्याचं कोण ऐकतो!

‘‘वरात वापस!’’ कोणीतरी ओरडलं.

‘‘पोरगी देत नाही!’’ दुसरा ओरडला.

मंजूच्या हातातली वरमाळा खाली आली. गोरज टळायला आली होती. तेव्हा मी मांडवाच्या मधोमध उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा शंभर टक्के खरं बोललो.

‘‘थांबा! लंडनमध्ये गाणं आवडलं का पब्लिक गाणाऱ्यावर थुंकते! तो तिकडचा मान आहे!’’

सगळ्या मांडवानं माझ्याकडे पाहिलं. मग एक म्हातारा म्हणाला, ‘‘उदाराम, तो वाघ बी तुह्यावर थुकला होता का रे?’’

मांडव खदखदला. माझं खरं बोलणं असं पडलं, जसं पावसात पापड! निर्मलाबाई मात्र हसली नाही. डागाळलेली बनारसी धरून ती खांबाकडे वळली. ‘‘मामाजीले विचारा, हे त्यायले कसं माहीत?’’

आता इथं मी ‘मनोहरलालनं सांगितलं’ म्हणालो असतो तर भागलं असतं. पण समोर एवढं पब्लिक! आणि सांगितलं कोणी म्हणू, त्या उचक्या देणाऱ्यानं?

‘‘माहीत? अवो, मी भोगलं आहे!’’ मी म्हटलं. ‘‘एकदा त्यायच्या मंचावर चढून मी आपला झाडीपट्टीचा पोवाडा म्हटला, तं लंडननं मले असा मान देल्ला, का अंगावर कोरडी जागा राह्यली नाही! धोतर पिळलं तं बादली भरली!’’

‘‘मंग मामाजी रागावले का?’’ खांबाला प्रश्न.

‘‘रागावतो कायले? नाचलो! उड्या मारल्या!’’

‘‘असं.’’ निर्मलाबाईनं क्षणभर विचार केला. मग ती खांबाला शांतपणे म्हणाली, ‘‘मंग मामाजीले म्हणा, तिथंच उभे राहाव. त्यायनंच गारी सुरू करवली, गारी साऱ्यायले आवडली, तं आम्ही बाया बी त्यायले मान देतो. ते तिकडच्यावाणी खुश होऊन नाचले, तं थुकणं हा मान आहे हे खरं. मंग माह्या साडीवर बी मानच पडला, आन् लगन लागंन. नाही नाचले, तं वरात वापस.’’

मी टेकचंदकडे पाहिलं. तो उठून बसला होता आणि आशेनं माझ्याकडे पाहत होता. मी मंजूकडे पाहिलं.

‘‘आबाजी,’’ ती म्हणाली, ‘‘नाचून घ्या ना.’’

माझं धोतर नवं होतं. बगळ्याच्या पंखासारखं. कुर्ता त्याहून पांढरा.

शामकला पहिली आली. खर्रा तिच्या तोंडात होताच. तिच्या नेमाची तारीफ करायला पाहिजे. एवढं वय, दात तुरळक, पण माझ्या चष्म्याची एकही काच सुटली नाही! मग ओळ लागली. ज्यांच्या तोंडात पान होतं त्या आल्या. नव्हतं त्यांनी शेजारणीकडून मागून घेतलं. स्वैपाकातल्या बाया हात पुसत आल्या. ज्यांनी जन्मात खर्रा खाल्ला नव्हता, अशा दोन मास्तरणींनी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला! आणि मी? मी हसत होतो! ढोल सुरू झाला आणि मी जागच्या जागी उड्या मारत होतो! धोतर सावरत, चष्मा पुसत, दात काढून, ‘‘वा! वा! येऊ द्या!’’ म्हणत! नातीचं लग्न माझ्या दातांवर टांगलेलं होतं. एकदा जरी ओठ मिटले असते तर वरात परत गेली असती. शेवटी निर्मलाबाई आली. पदर नाकापर्यंतच. आधी वाकून माझ्या पायाला हात लावला, सरळ झाली, आणि मग!

बॅरी रडत होता. माझ्या शेजारी येऊन तोही उडू लागला. मनोहरलालची उचकी थांबली. ‘‘उदारामजी!’’ तो माझ्या गळ्यात पडायला आला, जवळून मला पाहिलं आणि लांबूनच म्हणाला, ‘‘तुम्ही खरे पंक!’’

‘‘मान आहे जी, मान आहे!’’ मांडवातली मंडळी एकमेकांना सांगू लागली. ‘‘पाहा ना, उदाराम किती खुश झाला!’’ पाट खाली ठेवला गेला. झारा कढईत गेला. गोरजावर मंगलाष्टकं झाली, मंजूनं माळ घातली, उमेंद्र हसला. मी ते दृश्य विहिरीपाशी उभा राहून पाहिलं. मला कोणी जवळ येऊ देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजूची पाठवणी झाली. बॅरी मला गाडीच्या खिडकीतून मूठ दाखवत गेला. ती दोस्तीची असते म्हणे. घर रिकामं झालं. मी ओसरीवर बसलो होतो. आतून बांगड्या वाजल्या, दाराआडून एक हात आला आणि चहाची कपबशी उंबऱ्यावर ठेवली गेली. निरोप सांगायला आता मंजू नव्हती, टेकचंद झोपला होता. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा दार थेट माझ्याशी बोललं.

‘‘मामाजी.’’

‘‘हो, बोला.’’

‘‘ते लंडनच्या मानाची गोष्ट. त्याच्यावर आम्हा बायांचा एकीचा बी भरोसा बसला नोहोता.’’

मी कपबशी उचलली. ‘‘मग? मग एवढ्या साऱ्याजणी कायले आल्या?’’

‘‘मंग काय जी,’’ दार म्हणालं, ‘‘असा मौका जिनगानीत पुन्हा कवा भेटनार होता!’’

बांगड्या वाजत आत गेल्या. चहा चांगला होता. पिण्याआधी मी तो उजेडात धरून नीट पाहिला, एवढंच.